स्टाईल एका फोटोवर छान, बाकीच्यांवर बिघडते: डार्कटेबलमधली नेहमीची कारणं आणि उपाय

बारसूच्या सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या कातळपठारावरचा, एक फोटो तासभर बसून जुळवला जातो. जांभ्या दगडाचा तांबडा नेमका उतरतो, मळभाचं आकाश हवं तसं जड दिसतं. मग डार्कटेबल या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची स्टाईल, म्हणजे सेटिंगचा साठवलेला संच, करून त्याच दिवशीच्या दोनशे रॉ फोटोंवर (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाईलवर) लावली जाते आणि निम्मे फोटो भगभगीत पांढरे होतात, काहींच्या ढगांना गुलाबी झाक येते, चेहरे भाजल्यासारखे नारिंगी दिसतात. यावर बहुतेकजण स्टाईल पुसून नवी बनवतात, आणि पुढच्या शूटला पुन्हा तेच घडतं. रंगांची निवड चुकलेली नसते. त्या एका फोटोपुरते, त्या एका कॅमेऱ्यापुरते किंवा त्या वेळच्या उजेडापुरते असलेले आकडे स्टाईलमध्ये शिरलेले असतात, आणि ते बाहेर काढले नाहीत तर कितीही वेळा बनवली तरी ती बिघडणारच.

डार्कटेबलमध्ये प्रीसेट म्हणजे एकाच मॉड्यूलची (एकेका कामाच्या साधनाची) साठवलेली सेटिंग, आणि स्टाईल म्हणजे अनेक मॉड्यूलच्या सेटिंगची मोट. स्टाईल लावली की ते आकडे फोटोच्या हिस्टरीत (केलेल्या बदलांच्या यादीत) उतरतात आणि तिथून पुढे स्टाईलचा आणि फोटोचा संबंध संपतो. त्यामुळे स्टाईल नंतर सुधारली तरी आधी लावलेले फोटो आपोआप सुधारत नाहीत. त्यांना ती पुन्हा लावावी लागते.

सगळ्यात आधी हिस्टरी वाचा

बिघडलेला एक फोटो डार्करूममध्ये (एकेक फोटो सुधारण्याच्या खिडकीत) उघडा आणि डावीकडचा हिस्टरी स्टॅक पाहा. स्टाईलने काय काय आणलं ते तिथे ओळीने दिसतं. खालून वर एकेका ओळीवर क्लिक करत जा. ज्या ओळीवर फोटो बिघडतो, ते मॉड्यूल तुमचा चोर. तपासून झालं की सगळ्यात वरच्या ओळीवर परत या. मधल्याच ओळीवर असताना एखादा स्लायडर हलला तर त्यापुढच्या सगळ्या पायऱ्या जातात, आणि नुसतं बाहेर पडलात तरी फोटो त्या अर्ध्या अवस्थेत राहतो. स्टाईल नीट लागली नाही अशा तक्रारींतल्या काही निव्वळ एवढ्यानेच झालेल्या असतात.

फोटो गरजेपेक्षा उजळ: एक्स्पोजर दोनदा लागतंय

हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष. सीन-रेफर्ड वर्कफ्लो (दृश्यातल्या उजेडावरून हिशोब करणारी नवी पद्धत) चालू असेल तर डार्कटेबल प्रत्येक रॉ फोटोला स्वतःहून +0.7 ईव्ही एक्स्पोजर देतं (1 ईव्ही वाढ म्हणजे दुप्पट उजेड). तुमच्या स्टाईलमध्येही 0.7 असेल आणि ते वेगळ्या इन्स्टन्समधून (त्याच मॉड्यूलच्या दुसऱ्या प्रतीतून) आलं, तर एकूण 1.4 ईव्ही होतं. म्हणजे मूळ उजेडाच्या सुमारे 2.6 पट. दुपारच्या तारकर्ली किनाऱ्यावर पांढरी वाळू आणि लाटांचा फेस आधीच काठावर असतात, तिथे एवढ्याने तपशील उडून जातो.

वेगळा इन्स्टन्स का येतो, ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. स्टाईल ‘अपेंड’ पद्धतीने लावली की डार्कटेबल मॉड्यूलचं नाव आणि इन्स्टन्सचं नाव दोन्ही पाहतं. त्याच नावाचा इन्स्टन्स फोटोत असेल तर त्याची सेटिंग बदलली जाते. नाव वेगळं असेल, तर जुना तसाच ठेवून शेजारी नवा इन्स्टन्स उभा राहतो. हिस्टरीत एक्स्पोजरच्या दोन वेगळ्या नावांच्या ओळी दिसल्या की समजा, हेच झालंय.

याची दुसरी बाजूही तितकीच त्रासदायक. तुम्ही प्रत्येक फोटोचं एक्स्पोजर आधी हाताने जुळवलं आणि नंतर स्टाईल लावली. स्टाईलमधलं एक्स्पोजर बिननावाचं असेल तर ते तुमच्या आकड्यावर जाऊन बसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आमचं मत साफ आहे: एक्स्पोजर स्टाईलमध्ये ठेवूच नये. ते फोटोगणिक ठरतं. फारच गरज असेल, म्हणजे एखाद्या भागापुरता उजेड वाढवायचा असेल, तर त्या इन्स्टन्सला स्वतःचं नाव द्या, ‘मांडव उजेड’ असं काहीतरी, म्हणजे मूळ एक्स्पोजरला तो हात लावणार नाही.

‘ओव्हरराईट’ पद्धतीचा मोह टाळा. ती फोटोची आधीची हिस्टरी पुसून मग स्टाईल लावते. त्यात क्रॉप जातो, सेन्सरवरच्या धुळीचे काढलेले डाग परत येतात. कोऱ्या फोटोंवर ती ठीक, काम झालेल्यांवर नाही.

ढगांना, फेसाला गुलाबी झाक

स्टाईलमध्ये ‘रॉ ब्लॅक/व्हाईट पॉईंट’ हे मॉड्यूल शिरलंय, असं जवळजवळ खात्रीने सांगता येतं. सेन्सरची काळी आणि पांढरी पातळी कॅमेऱ्यागणिक वेगळी असते. 12 बिटच्या फाईलमध्ये आकडा 4095 च्या पलीकडे जाऊच शकत नाही, 14 बिटमध्ये तो 16383 पर्यंत जातो. दोन कॅमेरे घेऊन लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो: एका बॉडीच्या फोटोवरून केलेली स्टाईल दुसऱ्या बॉडीच्या फोटोंवर जाते.

गुलाबीच का? बहुतेक सेन्सरमध्ये हिरवा चॅनेल आधी भरतो. व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून होणारी रंगदुरुस्ती) लाल आणि निळ्याला गुणून वर नेतो. पांढरी पातळी बरोबर असेल तर तिन्ही एकाच उंचीवर छाटले जातात आणि ढग पांढरा राहतो. पातळी खऱ्यापेक्षा वर ठरवली गेली, तर लाल-निळा वरच राहतात, हिरवा खाली अडकतो, आणि उरतो तो गुलाबी. उलट पातळी खऱ्यापेक्षा खाली गेली तर चांगला तपशीलही पांढरा म्हणून कापला जातो.

उपाय सोपा: स्टाईलमधून ते मॉड्यूल काढा, आणि लागलेल्या फोटोंमध्ये त्या मॉड्यूलचं रीसेट बटण दाबा. त्याबरोबर इनपुट कलर प्रोफाईल आणि ओरिएंटेशनही काढून टाका. उभे फोटो आडवे होण्याचं कारण ओरिएंटेशनच.

रंग प्रत्येक फोटोत वेगळीकडे ढळतात

इथे दोन मॉड्यूलची सांगड आहे. नव्या पद्धतीत ‘व्हाईट बॅलन्स’ मॉड्यूल कॅमेऱ्याच्या संदर्भ पातळीवर, म्हणजे डी65 (दिवसाच्या उजेडाचा प्रमाण रंग) वर थांबतं आणि उजेडाचा रंग काढण्याचं खरं काम ‘कलर कॅलिब्रेशन’ करतं. जुन्या पद्धतीत सगळं काम व्हाईट बॅलन्सच करायचं. जुन्या पद्धतीच्या फोटोवरून केलेली स्टाईल नव्या पद्धतीच्या फोटोवर लावली की उजेडाची दुरुस्ती दोनदा होते. मॉड्यूलच्या माथ्यावर इशाऱ्याचा त्रिकोण दिसतो आणि व्हाईट बॅलन्स दोनदा लागल्याची सूचना येते. त्या त्रिकोणाकडे दुर्लक्ष करून स्लायडर हलवत बसलात तर रंग कधीच जागेवर येणार नाहीत. स्टाईलमधून व्हाईट बॅलन्स काढा आणि फोटोत ते कॅमेरा रेफरन्सवर आणा.

कलर कॅलिब्रेशन ठेवायचं का? ते त्यातल्या ‘इल्युमिनंट’वर, म्हणजे उजेडाच्या ठरवलेल्या रंगावर, अवलंबून आहे. तिथे ‘ॲज शॉट इन कॅमेरा’ निवडलेलं असेल, तर प्रत्येक फोटोच्या स्वतःच्या नोंदीवरून हिशोब होतो आणि स्टाईल सुखाने कुठेही जाते. पण तिथे ‘कस्टम’ असेल, किंवा फोटोतून उजेड शोधण्याचा पर्याय वापरला असेल, तर तो आकडा गोठतो. आंजर्ल्याला मावळतीला काढलेल्या फोटोचा गोठलेला उजेड सकाळच्या पोफळीच्या बागेवर लावला तर सगळं निळसर होणार. आणि बागेतला हिरवा कवडसा चेहऱ्यावर पडलेला असतो, तो कोणत्याच स्टाईलने नीट निघत नाही. त्यासाठी चेहऱ्यापुरता मास्क (परिणाम तेवढ्याच भागावर ठेवणारी हद्द) आखून कलर कॅलिब्रेशनचा दुसरा इन्स्टन्स हाताने लावणं हाच मार्ग.

दशावताराच्या नाटकाचे फोटो हा वेगळा विषय आहे. देवळासमोरच्या रंगमंचावर ट्यूब, हॅलोजन आणि निळ्या-जांभळ्या एलईडी एकत्र असतात. निळ्या एलईडीत मुकुटाची कडा सपाट निळा ठिपका होऊन बसते. तिथे कलर कॅलिब्रेशनमधलं गॅमट कॉम्प्रेशन (मर्यादेबाहेरचे रंग आत दाबणारी सेटिंग) 1 च्या वर हळूहळू न्या, तपशील परत येतो. ही सेटिंग रात्रीच्या वेगळ्या स्टाईलमध्ये ठेवावी, दिवसाच्या नव्हे. डीनॉईज प्रोफाईल्ड (फोटोतले कण काढणारं मॉड्यूल) मात्र बिनधास्त ठेवा, फक्त त्यातलं प्रोफाईल आपोआप जुळणारं असू द्या. हाताने आयएसओ 6400 चं प्रोफाईल निवडून साठवलंत, तर सड्यावरच्या आयएसओ 100 च्या फोटोतली फुलं मेणासारखी होतील.

फोटो मळकट, सपाट, राखाडी

टोन मॅपर (उजेडाची पट्टी पडद्याच्या मर्यादेत बसवणारी मॉड्यूल) दोन चालू आहेत. डार्कटेबल 4.2 पासून सिग्मॉइड आलं. प्रेफरन्सेसमध्ये डीफॉल्ट वर्कफ्लो सिग्मॉइडचा असेल आणि तुमची जुनी स्टाईल फिल्मिक आरजीबी घेऊन आली, तर उजेडाची अख्खी पट्टी दोनदा दाबली जाते. त्यातही एखादी उतरवून घेतलेली जुनी स्टाईल बेस कर्व्ह आणते. फिल्मिक, सिग्मॉइड, बेस कर्व्ह यांपैकी एका वेळी एकच. डार्करूममध्ये चालू मॉड्यूलची यादी उघडा, जादा असेल ते बंद करा, मग तेवढी दुरुस्ती करून स्टाईल पुन्हा साठवा.

स्टाईल बनवताना मॉड्यूल ऑर्डर साठवण्याचा पर्यायही असतो. तुम्ही क्रम मुद्दाम बदललेला नसेल तर ती टिक काढा. जुन्या क्रमाची स्टाईल नव्या फोटोवर गेली की तेच आकडे वेगळा परिणाम देतात आणि कारण सापडता सापडत नाही.

जांभा खुलतो, चेहरे भाजतात

कोकणात काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर.

ओला जांभा तांबूस-नारिंगी असतो. आपल्याकडच्या माणसांची त्वचाही त्याच नारिंगी पट्ट्यात येते. कलर इक्वलायझरमध्ये नारिंगीचं सॅच्युरेशन वाढवलं की चिऱ्याची भिंत जिवंत होते आणि खळ्यात उभ्या असलेल्या आजीचे गाल पेटतात. मॉड्यूलला फक्त रंगछटा कळते, दगड आणि माणूस यांतला फरक कळत नाही. पॅरामेट्रिक मास्कने (रंग-उजेडाच्या आकड्यांवरून ठरणाऱ्या मास्कने) छटा अरुंद केली तरी दोन्ही एकाच पट्ट्यात राहतात. क्रोमाची (रंगाच्या भडकपणाची) मर्यादा घालून थोडं साधतं: नुकताच भिजलेला जांभा त्वचेपेक्षा जास्त भडक असतो. पण मे महिन्यातला कोरडा, शेवाळ वाळून काळपट झालेला कातळ तसा नसतो, आणि हळद लागलेला चेहरा तर दगडाच्याही पुढे जातो. एका स्टाईलमध्ये हे बसत नाही.

कामाची पद्धत अशी. नारिंगीची वाढ कलर इक्वलायझरच्या वेगळ्या इन्स्टन्समध्ये करा आणि त्या इन्स्टन्सला ‘जांभा’ असं नाव द्या. वाढ दहा-पंधरा टक्क्यांच्या आत ठेवा, त्यापुढे दगडही गेरूने रंगवल्यासारखा दिसतो. माणसं नसलेल्या फोटोंना ती जशीच्या तशी चालते. माणसं असलेल्या फोटोत डार्करूममध्ये ‘जांभा’ शोधा, ड्रॉन मास्क (हाताने काढायचा मास्क) चालू करा, चेहऱ्यावर लंबवर्तुळ काढा, कडा चांगली मऊ ठेवा आणि मास्क उलटा करा. आठ-दहा सेकंदांचं काम आहे. हाताने काढलेला मास्क स्टाईलबरोबर जात नाही, हे लक्षात ठेवा. एकाच जागी उभ्या माणसाचे सलग पंधरा फोटो असतील तर स्टाईलऐवजी हिस्टरी कॉपी-पेस्ट करा, मास्कही जातो.

लग्नाच्या मांडवात हा त्रास आणखी वाढतो. लाल-पिवळ्या कापडाच्या छतातून येणारा उजेडच नारिंगी, त्यात ‘जांभा’ असलेली स्टाईल. तिथे ‘जांभा’ नसलेली दुसरी स्टाईलच ठेवावी.

कातळशिल्पांवर स्टाईल चालत नाही

उक्षी किंवा देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांच्या खाचा उथळ आहेत. त्या दिसतात त्या तिरक्या उन्हाच्या सावलीमुळे, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. सकाळच्या फोटोवर लोकल कॉन्ट्रास्टचं डीटेल 130 टक्क्यांवर ठेवून रेषा छान उठतात. तीच स्टाईल दुपारच्या फोटोवर लावली की दगडाचा खरबरीतपणा तेवढा वाढतो, रेषा हरवतात. तिथे मुळात सावलीच नाही. हा दोष सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होणारा नाही, पुन्हा योग्य वेळी जाऊन फोटो काढावा लागतो.

टोन इक्वलायझरबाबतही अशीच सावधगिरी. तो फोटोचा उजेड -8 ते 0 ईव्ही अशा नऊ पट्ट्यांत वाटतो. एका फोटोत सावली -5 वर असेल, दुसऱ्यात -3 वर. स्टाईलमधला तोच वक्र दुसऱ्या फोटोत सावलीऐवजी चेहरा उचलतो. लावायचाच असेल तर प्रत्येक फोटोत मास्किंग टॅबमधल्या जादूच्या कांडीने एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्टची भरपाई पुन्हा बसवा.

पडद्यावर एक, निर्यात केल्यावर दुसरं

एक्स्पोर्ट पॅनेलमध्ये ‘स्टाईल’ नावाचा स्वतंत्र पर्याय आहे आणि मागच्या वेळी निवडलेली स्टाईल तिथे तशीच राहते. गेल्या महिन्यात कृष्णधवल छाप लावून निर्यात केली असेल, तर आजच्या पालखीच्या फोटोंवरही ती चढते आणि डार्करूममध्ये काही दिसत नाही. तिथे ‘नन’ ठेवा.

एका स्टाईलनंतर फोटोंची संख्या दुप्पट झाली असेल तर स्टाईल पॅनेलमधली ‘क्रिएट डुप्लिकेट’ची टिक काढा. मूळ फोटो तसाच राहतो आणि स्टाईल शेजारच्या प्रतीवर लागते, म्हणून ती लागलीच नाही असं वाटतं. आणि स्टाईलला कीबोर्डचा शॉर्टकट दिला असेल तर लाईटटेबलमध्ये (सगळे फोटो मांडून दाखवणाऱ्या खिडकीत) माऊस कुठे आहे ते बघा. माऊसखालचा फोटो निवडीबाहेरचा असेल तर शॉर्टकट त्यालाच लागतो.

कॅमेऱ्यांच्या तयार स्टाईल

डार्कटेबल 5.0 पासून 500 हून अधिक कॅमेऱ्यांसाठी तयार स्टाईल येतात. कॅमेऱ्याच्या जेपेगजवळ जाणं हा त्यांचा हेतू. त्या उजळपणा, कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशनपुरत्याच आहेत, शार्पनिंग किंवा डीनॉईज त्यात नाही. त्यामुळे फोटो जेपेगपेक्षा मऊ दिसला तर ती चूक नव्हे. आपल्याच मॉडेलची स्टाईल घ्या, आणि ती आधी, स्वतःची नंतर.

लाईटरूम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे प्रीसेट लावला की टिक केलेल्या स्लायडरचा आकडा बदलतो, बेरीज होत नाही. म्हणून दुप्पट उजेडाचा दोष तिथे येत नाही, हाताने जुळवलेलं एक्स्पोजर पुसलं जाण्याचा मात्र येतो. प्रीसेट बनवताना व्हाईट बॅलन्स, एक्स्पोजर आणि लेन्स करेक्शनच्या टिक काढा, बहुतेक भांडण मिटतं.

स्टाईल नव्याने बांधायची असेल तर

1. नीट उजेडात काढलेला, कुठेही तपशील न उडालेला एक फोटो घ्या. आधी एक्स्पोजर, व्हाईट बॅलन्स आणि लेन्स करेक्शन उरकून घ्या. हे स्टाईलमध्ये जाणार नाही.

2. मग रंगाची मॉड्यूल लावा. पावसाळी सड्यासाठी सुरुवात अशी करता येते: सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट मूळ 1.5 वरून 1.6 किंवा 1.7, कलर बॅलन्स आरजीबीमध्ये ग्लोबल क्रोमा 8 ते 10 टक्के, ‘जांभा’ इन्स्टन्स वर सांगितल्याप्रमाणे. धुक्यासाठी हेझ रिमूव्हल 0.2 च्या पुढे नको, समुद्रावरच्या सपाट आकाशात डाग उठतात.

3. हिस्टरी स्टॅकच्या तळाच्या स्टाईल बटणावरून किंवा लाईटटेबलमधल्या ‘क्रिएट’वरून यादी उघडा. रॉ ब्लॅक/व्हाईट पॉईंट, व्हाईट बॅलन्स, इनपुट कलर प्रोफाईल, ओरिएंटेशन, लेन्स करेक्शन, क्रॉप, रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह, रीटच आणि एक्स्पोजर यांच्या टिक काढा. एवढी एक पायरी नीट केली तर या लेखातले अर्धे दोष उद्भवतच नाहीत.

4. नावात उभी रेघ वापरा: ‘कोकण|सडा|पावसाळा’, ‘कोकण|मांडव’, ‘कोकण|दशावतार रात्र’. रेघेमुळे मेनूत पोटविभाग पडतात आणि घाईत चुकीची स्टाईल लागत नाही.

5. पाच फोटोंवर अपेंडने लावून पाहा: दुपारचा समुद्र, देवळाच्या गाभाऱ्यातला अंधार, जवळून एक चेहरा, मळभातला सडा आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचा कुठलाही एक. चेहरा आणि दुसरा कॅमेरा या दोघांवर जी टिकते तीच ठेवा.

स्टाईल डार्कटेबलच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या डेटा डॉट डीबी या फाईलमध्ये असतात, फोटोंच्या फोल्डरमध्ये नव्हे. त्यामुळे फोटोंचा बॅकअप घेतला तरी स्टाईल त्यात येत नाहीत. लॅपटॉप बदलण्याआधी ‘एक्स्पोर्ट’ करून डीटीस्टाईल फाईल पेनड्राईव्हवर काढून ठेवा. आणि मित्राकडून आलेली फाईल उघडत नसेल किंवा लावूनही त्यातलं काही लागत नसेल, तर दोघांची आवृत्ती विचारा: नव्या आवृत्तीतलं मॉड्यूल जुन्या डार्कटेबलला वाचता येत नाही.